आधीच्याचं पीठ

आमच्या गल्लीत कोणाच्याच घरी निव्वळ आपल्या धान्याची भाकर होत नव्हती. हे मला पक्कं माहीत होतं, कारण चक्की माझी होती. बाकीच्यांनाही माहीत होतं, पण त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं.

ज्यांनी चक्की फक्त रस्त्यावरून पाहिली त्यांच्यासाठी सांगते. दोन दगड असतात, एक बसलेला आणि एक फिरणारा. वरून धान्य टाकायचं. ते दगडांच्या मधून दळून निघतं आणि कापडी बाहीतून खालच्या डब्यात पडतं. पण धान्य संपलं म्हणजे पीठही सगळं बाहेर आलं असं होत नाही. दगडांना टाकीनं खाचा पाडलेल्या असतात, त्यात पीठ दबून बसतं. भोवती लोखंडी कडं असतं, त्याच्या आत बसतं. बाहीला चिकटतं. पुढच्याचं दळण टाकलं की त्याच्या डब्यात आधी मागच्याचं पडतं, मग त्याचं स्वतःचं. त्याचं शेवटचं जे राहतं ते त्याच्या पुढच्याकडे जातं. सकाळच्या पहिल्या डब्यापासून संध्याकाळच्या शेवटच्या डब्यापर्यंत हेच चालायचं.

म्हणून भांडणं व्हायची ती नंबरावरून. चांगला लोकवन आणणारी बाई रेशनच्या गव्हामागे डबा ठेवू देत नसे. मडक्यावरच्या लांब रोट्या करायच्या असल्या की बारीक पीठ लागतं, त्या बायका भरड्याच्या मागे यायला तयार नसत. डाळीच्या मागे तर कोणीच नको. मी सकाळी ज्वारी, मग गहू, संध्याकाळी डाळ असा क्रम लावला होता, पण तो पाळणारं कोणी नव्हतं. दुपारी पाहुणे आले की बाई ज्वारीचा डबा घेऊन धावत यायची, आणि मी गव्हामागे ज्वारी टाकून द्यायची. पस्तीस वर्षं हे केलं. नवरा गेल्यावर एकटीनं केलं. माझं माहेर खाप्याचं, शिक्षण चौथीपर्यंत. पण कोणाच्या डब्यात काय आहे ते मी झाकण न उघडता, नुसता डबा उचलून सांगत असे.

गोळीबार चौकाच्या पुढे विणकरांची जुनी वस्ती आहे, तिथली ही गल्ली. माग केव्हाच बंद पडले. घरं अशी चिकटलेली की एका घरात फोडणी पडली की तीन घरांत शिंका. दारं दिवसभर उघडी. समोर तर्री-पोह्याचा ठेला, बाजूला पतंगाचं दुकान, त्याच्या बाजूला शिवणाची मशीन. चक्कीपुढे एक बाक होता. नथ्थूजी नावाच्या म्हाताऱ्या विणकरानं आपला माग मोडला तेव्हा त्याच्या लाकडाचा करून आणून ठेवला होता. पहिला हक्क त्याचाच. एक दिवसाआड किलोभर ज्वारी घेऊन यायचा आणि दोन तास बसायचा.

मी एकदा म्हटलं, "नथ्थूजी, दहा किलो एकदम आणत जा ना. वीस दिवस पायपीट वाचते."

"मंग परवा मी कुठी जाऊ?" तो म्हणाला.

मग मी तसं पुन्हा म्हटलं नाही.

हे लिहायला मला शाळेच्या बाईंनी सांगितलं. दिवाळी अंकाला जुन्या वस्तीची मजा पाहिजे म्हणाल्या, "काकू, गोड लिहा." गोड होतं ते वर लिहिलं. आता बाकीचं लिहिते.

माझ्या घरासमोर गिरजाबाई राहायची. माझ्याच वयाची, रोजची बाकावरची. तिचा मुलगा दिलीप, सून वंदना आणि एक नात स्वरा. वंदनाही खाप्याची, म्हणून ती माझ्याशी जास्त बोलायची. स्वरा पाच वर्षांची झाली तरी तीन वर्षांची दिसे. हात-पाय काड्या, पोट पुढे, दिवसातून चारदा जुलाब. आधी नजर काढली, जंताचं औषध दिलं, मग दूध बंद केलं. मारबतीच्या दिवशी गिरजाबाईनं तिला कडेवर घेऊन मिरवणुकीतल्या पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यापुढे उभं केलं, पीडा घेऊन जा म्हणून. पीडा काही गेली नाही. शेवटी दिलीपनं धंतोलीत पोटाच्या डॉक्टराला दाखवलं. त्यानं रक्त तपासलं, नळी टाकून आतडं पाहिलं आणि सांगितलं की हिला गव्हाचा आजार आहे. गहू, रवा, मैदा, शेवया, बिस्किट, काहीच नाही. जन्मभर नाही. चिमूटभरही नाही.

वंदना ज्वारीचा डबा घेऊन आली तेव्हा बाकावर चार-पाच बायका होत्या.

"काकू, हे स्वराचं दळण. याच्यात गव्हाचं जराही नाही आलं पायजे."

"नाही येत. आधी थोडी ज्वारी सोडतो न मी, मंग तुही टाकतो."

"थोडीनं होईन काय? डॉक्टर म्हणत होते चिमूटभरानंही आतडं सुजते. चक्की उघडून नाही का पुसता येत?"

मी हसले. "काहून वं, तुही पोट्टी का महाराणी लागून गेली?"

बाकावरच्या बायका हसल्या. वंदनाही थोडी हसली. दुसरं काय करणार? तिला दळण न्यायचं होतं.

चक्की उघडणं म्हणजे काय तेही सांगते. पट्टा उतरवायचा. कड्याचे नट सोडायचे. वरचा दगड पहार लावून कलता करायचा, तो एकटीला उचलवत नाही, कोणाला तरी हाक मारावी लागते. मग खाचा ब्रशानं खरवडायच्या, कडं पुसायचं, बाही उलटी करून झटकायची, आणि सगळं पुन्हा बसवायचं. दगड केसभर इकडचा तिकडे बसला तर पीठ जळतं. दीड तास जातो, आणि रांगेतल्या बायका तोंडं वाकडी करतात. हे मी टाकी लावायच्या, म्हणजे बोथटलेल्या खाचा पुन्हा पाडायच्या वेळी करत असे आणि वर्षातून तीनदा उपवासासाठी. महाशिवरात्र, आषाढी, नवरात्र. आदल्या दिवशी सकाळी चक्की उघडायची, साफ करायची, हळदकुंकू लावायचं, मग फक्त भगर, राजगिरा, शिंगाडा. उपवासाच्या पिठात गव्हाचा कण जाऊ द्यायचा नाही, ही माझ्या सासऱ्यापासूनची रीत. "कौसल्याबाईच्या चक्कीवरचं उपवासाचं पीठ म्हणजे सोवळं," असं चार गल्ल्यांत म्हणत. मला त्याचा तोरा होता.

वंदनाच्या दळणाआधी मी ओंजळभर ज्वारी सोडत असे. गर्दी असली की अर्धी ओंजळ. कधी विसरायची.

सहा महिने झाले, पोरगी तशीच. पुन्हा रक्त तपासलं. आकडा होता तिथेच. डॉक्टरानं दिलीपला आणि वंदनाला समोर बसवून झापलं, तुमच्या घरात कोणीतरी हिला गहू खाऊ घालतंय. घरी आल्यावर भांडण पेटलं. वंदना म्हणे सासूबाई देवळातून आणलेला शिऱ्याचा प्रसाद देतात. गिरजाबाई म्हणे हीच रडते म्हणून बिस्किट देते. दिलीपनं घरातली गव्हाची कोठी उचलून मला आणून दिली, पसाभरसुद्धा गहू ठेवला नाही. तेव्हापासून ते सगळे ज्वारीच खाऊ लागले. पोरगी तरी तशीच.

उन्हाळ्यात वंदना तिला घेऊन खाप्याला गेली. दीड महिन्यानं परत आली तर मी पोरीला ओळखलं नाही. गालावर मांस आलेलं. बाकावर उभी राहून उड्या मारत होती.

"खाप्याचं पाणी," नथ्थूजी म्हणाला. "कन्हान नदीचं पाणी तसंच हाय गा."

मी पोरीला विचारलं, "काय खाल्लं वं तिथं?"

"भाकर. आजीनं जात्यावर दळली. मी पण फिरवलं जातं."

माझा हात बाहीवर होता. तो मी काढून घेतला.

मला तेव्हाच समजलं. घरच्या जात्यावर फक्त ज्वारी दळली जाते. त्याच्यात कोणाच्या आधीचं काही नसतं. माझ्याच माहेरच्या गावचं जातं. मला समजलं नाही असं मी म्हणूच शकत नाही. पण मी काही बोलले नाही. वंदना दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आली, मी त्या दिवशी किलोभर ज्वारी सोडली, आणि झालं साफ असं स्वतःला सांगितलं. चार दिवसांनी पुन्हा ओंजळीवर आले. दिवाळीपर्यंत पोरगी पुन्हा जुलाबांना लागली.

न बोलण्याचं कारण लोक विचारतील. माझ्या चक्कीनं लेकरू आजारी पडलं हे बाहेर गेलं असतं तर चक्की बसली असती, ही भीती होती. पण भीतीपेक्षा गुर्मी जास्त होती. सोवळ्याच्या पिठाची चक्की माझी, आणि मी घाण दळते हे माझ्या तोंडून निघत नव्हतं.

मग तो दिवस आला. थंडीचे दिवस होते, बाकावर सगळे उन्हाला बसले होते. गिरजाबाई होती, नथ्थूजी होता, तीन-चार बायका. वंदना डबा ठेवायला आली. गिरजाबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "माहेरी गेली की पोट्टी सुधारते, इथं आली की बिमार पडते. आता मी का समजू? माहेरी हिची माय पाहते, इथं ही पाहते. हीच चोरून खाऊ घालते."

"मी कायले खाऊ घालीन हो? माही पोरगी हाय ते."

"रडली की तुह्याच्यानं सहन नाही होत. मले मालूम हाय."

वंदना माझ्याकडे वळली. तिच्या हातात डबा तसाच होता. "काकू, तुम्ही सांगा यायले. मी एकएक दाणा निवडून आणतो की नाही? ताटात पसरून, भिंग लावून पाहतो मी. तुम्ही पायता न?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी पट्टा चढवत होते. पट्ट्याकडे पाहून म्हटलं, "मी का सांगू बाप्पा. मी तं फक्त दळतो."

वंदनानं डबा खाली ठेवला आणि गेली. नथ्थूजीनं खाकरल्यासारखं केलं आणि पोह्याच्या ठेल्याकडे बघत बसला. चक्की सुरू झाली की कोणाला काही ऐकू येत नाही. मी सुरू केली.

महाशिवरात्र आली. आदल्या दिवशी सकाळी पतंगवाल्याला हाक मारून वरचा दगड कलता केला. दर वेळी मी खरवडायची ते न बघता. त्या दिवशी खाली बसून पाहिलं. खाचांमध्ये पीठ दगडासारखं बसलं होतं. कड्याच्या आतून बोटभर जाड वडी निघाली, पांढरी, थरांची. तोडून पाहिली. पाण्यात भिजवून मळली तर चिकट झाली, ताणली गेली. ज्वारी अशी ताणली जात नाही. गहू होता, सगळ्या गल्लीचा गहू. दोन्ही तळहातांत मावेना इतका निघाला. लेकराला चिमूटभर चालत नव्हता, आणि मी ओंजळभर ज्वारीनं तो धुवायला निघाले होते.

वंदनाचा डबा मागच्या फळीवर होता. उपवासाच्या बायका भगरीच्या पिशव्या घेऊन उभ्या होत्या. मी साफ केलेल्या चक्कीत आधी वंदनाची ज्वारी टाकली.

"अवं कौसल्याबाई! उपवासाच्या आधी ज्वारी? बाटवली न चक्की!"

"बाटू दे," मी म्हटलं. "पुन्हा उघडतो."

पुन्हा उघडली. दुपार झाली. दोन बायका पिशव्या उचलून दुसऱ्या चक्कीवर गेल्या. जाऊ दिल्या.

त्यानंतर मी दर सोमवारी पहाटे, कोणी यायच्या आत, चक्की उघडून वंदनाचं दळण आधी दळू लागले. दगड कलता करायला पतंगवाल्याला रोजचा चहा लावून दिला आणि टाकी बिघडली असं सांगितलं. तीन महिन्यांत पोरगी भरली. आकडा खाली आला.

आता सगळं नीट झालं असं वाटेल. झालं उलटं. बाकावरच्या त्या भांडणानंतर गिरजाबाईनं स्वयंपाकघरात पाट टाकला होता. वंदना भाकर थापते, पोरीला भरवते, ते सगळं डोळ्यांसमोर. डबे कुलपात. आणि त्याच दिवसांत पोरगी सुधारू लागली. गिरजाबाई बाकावर बसून छाती फुगवून सांगायची, "मी पहारा ठेवला तेव्हा सुधारली. आता बोला." दिलीपलाही ते पटलं. पोरीचं अंग भरत गेलं तसतशी वंदना चोर ठरत गेली. मी गुपचूप चक्की साफ केली नसती तर तिच्यावर निदान इतका पक्का आळ आला नसता. हे मला दर सोमवारी पहाटे खरवडताना कळत होतं. तरी मी बोलले नाही. आज सांगीन, उद्या सांगीन, असं वर्ष गेलं.

वंदना बोलायची बंद झाली. डबा ठेवायची, डबा न्यायची. एके दिवशी टेम्पो आला. दिलीपनं मनीषनगरला फ्लॅट भाड्यानं घेतला होता. मला नंतर कळलं, वंदनानं सांगितलं होतं, इथं राहायचं तर मी पोरीला घेऊन खाप्याला जाते, नाहीतर दुसरीकडे चला. सामान भरलं तेव्हा सगळी गल्ली दारात होती, पण ती कोणाच्या दारी गेली नाही. माझ्याही नाही. गिरजाबाई घर सोडून जायला तयार नव्हती. ती एकटी मागे राहिली.

त्यानंतर आठ दिवसांनी मी तिला सांगितलं. बाकावर आम्ही दोघीच होतो. गव्हाच्या वडीपासून सोमवारपर्यंत सगळं. संपल्यावर ती म्हणाली, "कौसल्ये, आता कायले सांगून राहिली मले? गेली न ते."

"राहवलं नाही."

"राहवत होतं. दोन वर्षं राहवलं तुले."

तिनं रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली आणि समोरच्या घरात गेली. दार लावून घेतलं. आमच्या गल्लीत दिवसा लागलेलं ते पहिलं दार मी पाहिलं. पुन्हा ती बाकावर आली नाही. पाकिटातलं पीठ आणू लागली. तिनं गल्लीत कोणाला काही सांगितलं नाही, मात्र मी तिच्या तोंडून आपलं नाव निघायची वाट पाहत राहिले. नथ्थूजी त्या पावसाळ्यात वारला. बाकावर मग कोणी फार बसेना. लोकांनी घरातच दळायच्या विजेच्या घरघंट्या घेतल्या, पाकिटं घेतली. माझे गुडघे गेले. मी चक्की विकली. दगड कोणी घेतले नाहीत. ते दारात पडले आहेत, त्यांच्यावर आता मांजर बसते.

मागच्या संक्रांतीला मी मनीषनगरला गेले. पत्ता दिलीपकडून घेतला. तिळाचे लाडू केले, फक्त तीळ आणि गूळ. कढई नवी घेतली, डबा उकळून धुतला, लाडू वळताना हात दोनदा धुतले. लिफ्टनं वर गेले. दार बंद होतं, घंटी वाजवली.

वंदना जाड झाली आहे, बरी दिसते. तिनं पाणी दिलं, चहा ठेवला. स्वयंपाकघरात कोपऱ्यात घरघंटी, तिच्यावर कापड झाकलेलं. स्वरा माझ्या खांद्याइतकी उंच. मी वंदनाला सगळं सांगितलं. तिला आधीच कळलं होतं, गिरजाबाईनं दिलीपला सांगितलं होतं, दिलीपनं तिला. ती रडली नाही, ओरडलीही नाही.

"त्या दिवशी बाकावर तुम्ही एक वाक्य बोलला असता न काकू," ती म्हणाली, "तं मी अजून तिथंच राहिली असती. मले तिथं लय आवडे. इथं दाराबाहेर कोणी मेलं तं दोन दिवस समजत नाही."

"चूक झाली माह्याकडून."

"हो. झाली."

एवढंच. चहा चांगला होता. मी डबा काढून समोर ठेवला. "लाडू हाय. तीळ न गूळ. दुसरं काहीच नाही."

"घेऊ, आई?" स्वरानं हात पुढे केला.

"आता नाही, मंग खाजो," वंदना म्हणाली. तिनं डबा उचलला, झाकण न उघडता आत नेला, स्टूल घेतलं आणि सगळ्यात वरच्या फळीवर, पोरीचा हात पोचणार नाही अशा जागी मागे सारून ठेवला. मग स्टूल परत जागेवर ठेवून हात धुतले.

मी चहा संपवून उठले. तिनं बरोबरच केलं.